नुरा कुस्तीचा हिशोब

"ते सगळं खोटं असतं ना रे?" डब्ल्यूडब्ल्यूएफ बघणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कोणीतरी विचारलेला असतोच. नव्वदीत केबल आली, पाठोपाठ ट्रम्प कार्डं आली आणि हल्क होगन, अंडरटेकर ही नावं आपल्याकडच्या पोरांना तोंडपाठ झाली. वाद तेव्हापासून चालू आहे. गंमत म्हणजे अमेरिकेत याचं उत्तर खुद्द कंपनीनेच १९८९ साली देऊन टाकलं होतं. आणि तेही चाहत्यांना नाही, सरकारला!

पण आधी थोडं मागे जाऊ. निकाल आधी ठरवायची गरजच काय पडली? कारण सोपं आहे, खरी कुस्ती बघताना लोक कंटाळायचे. ४ जुलै १९१६ ला ओमाहात जो स्टेचर आणि एड 'स्ट्रँगलर' लुइस सुमारे पाच तास झुंजले आणि कुस्ती सुटली बरोबरीत. आता बोला! ठरवून केलेल्या कुस्त्या त्याआधीही व्हायच्या, पण १९२० च्या दशकात याच लुइसने बिली सँडो आणि टूट्स माँट यांच्या साथीने त्याचा पद्धतशीर धंदा केला. वेळेची मर्यादा, डोळ्यांत भरतील असे डाव, गावोगाव फिरणारा पैलवानांचा ताफा आणि निकाल आधीच पक्का. आपण ज्याला नुरा कुस्ती म्हणतो तीच, फक्त कारखान्यातून काढलेली.

गुपित मात्र जिवापाड जपायचं. या धंद्यात त्याला 'केफेब' म्हणतात. डिसेंबर १९८४ मध्ये जॉन स्टॉसेल नावाच्या टीव्ही पत्रकाराने डेव्हिड शुल्ट्झला तोंडावर सांगितलं, की मला हे बनावट वाटतं. शुल्ट्झने त्याला दोन्ही कानांवर अशा लगावल्या की तो खाली पडला. पुढे प्रकरण कोर्टात गेलं. १९८७ मध्ये तर आणखी मजा. रिंगणात एकमेकांच्या जिवावर उठलेले आयर्न शेख आणि जिम डुगन न्यू जर्सीत एकाच गाडीतून जाताना पोलिसांना सापडले. गाडीत अमली पदार्थ होते हे वेगळंच, पण 'वैरी' एका गाडीत कसे, हीच बातमी जास्त गाजली. दोघांचीही नोकरी गेली.

आणि मग १९८९. ज्या गुपितासाठी पत्रकाराच्या कानाखाली जाळ काढला, ते कंपनीने न्यू जर्सीच्या सिनेटपुढे आपणहून फोडलं. ही स्पर्धा नाही, करमणूक आहे, असं सांगितलं. का? तर खेळ म्हटला की क्रीडा नियामक मंडळ आलं, परवाने आले, कर आला. करमणूक म्हटली की सगळ्यातून सुटका! चाहत्यांनी पाठ फिरवली म्हणाल, तर अजिबात नाही. नव्वदीच्या अखेरीस या धंद्याला उधाण आलं आणि १९९९ मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली.

पण माझ्या मते खरा प्रश्न पुढेच आहे. खेळ नाही, तर मग हे नट झाले ना? नटांना युनियन असते. पैलवानांना ती कधीच मिळाली नाही. त्यांचा करार 'स्वतंत्र कंत्राटदार' म्हणून. १९८६ मध्ये जेसी व्हेंचुराने युनियनची भाषा काढली आणि ती लगेच मालकाच्या कानावर गेली. कोणी सांगितलं ते कळलं बऱ्याच वर्षांनी. व्हेंचुराने मानधनासाठी कंपनीवर दावा लावला होता, त्यात मालक व्हिन्स मॅकमहनने शपथेवर नाव घेतलं: हल्क होगन. (हेच व्हेंचुरा पुढे मिनेसोटाचे गव्हर्नर झाले!)

२३ मे १९९९ ला कॅन्सस सिटीत ओवेन हार्टला छतावरून दोराने रिंगणात उतरवायचं होतं. हूक सुटला, तो खाली कोसळला आणि गेला. कार्यक्रम तरीही पुढे चालू राहिला.

असो. 'खोटं असतं ना?' असं कोणी विचारलं तर खुशाल हो म्हणा, निकाल ठरलेलाच असतो. पण कधीतरी हेही विचारून बघा, की हाडं मोडली तर दवाखान्याचं बिल कोण भरतं. त्याचं उत्तर द्यायला मात्र कोणी आपणहून सिनेटपुढे गेलं नव्हतं.