दंडाची वही



राजेरजवाड्यांनी केलेल्या दंडाविषयी आपण पुष्कळ वाचतो. परंतु धन्याने, अडत्याने, बाजाराच्या मालकाने केलेल्या दंडाचा इतिहास वह्यांत आणि चिठ्ठ्यांतच पडून राहिला आहे. आज त्याविषयी बोलावयाचे आहे.

जुन्नर-आंबेगावची कितीतरी माणसे मुंबईच्या गिरण्यांत राबली. तेथे उशीर झाला की दंड, काम बिघडले की दंड. विणलेल्या कापडात दोष निघाला तर ते कापडच विणकराच्या माथी मारीत व त्याची किंमत पगारातून कापून घेत. दोष वाईट सुताचा, जुन्या मागाचा की माणसाचा, हे ठरविणार कोण? ज्याला पैसे वाचवावयाचे तोच! 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा भरवून साप्ताहिक सुट्टी व वेळेवर पगार मागितला. दंडाला लगाम बसावयास मात्र 1936 साल उजाडले.

त्या सालचा वेतन देण्याविषयीचा कायदा मी शब्दकोश शेजारी ठेवून वाचला आहे. त्यातील आठवे कलम मला अजूनही मोलाचे वाटते. कोणत्या चुकीला दंड होईल हे आधी सरकारची मंजुरी घेऊन जाहीर केले पाहिजे. कामगाराचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय दंड करता येणार नाही. दंड रुपयामागे अर्ध्या आण्याहून अधिक नसावा. तो वहीत नोंदवावा, आणि जमलेला पैसा कामगारांच्याच हितासाठी खर्च व्हावा. म्हणजे दंडात धन्याचा नफा उरला नाही! 2019 च्या वेतन संहितेतही हे तत्त्व कायम आहे. मर्यादा शेकडा 3 आहे.

शेतकऱ्याची कथा निराळी नाही. रुमालाखाली बोटे दाबून सौदा होई. भाव दोघांना कळे, मालाच्या धन्याला नाही. मग कडता, तोलाई, हमाली, धर्मादाय! वऱ्हाडात 1897 च्या कायद्याने कापसाच्या बाजारावर नियंत्रण आले, मुंबई इलाख्यात 1939 चा कायदा झाला, आणि 1963 च्या कायद्याखाली आजच्या बाजार समित्या चालतात. त्या समित्यांत काय चालते ते नारायणगावला टोमॅटो आणि आळेफाट्याला कांदा नेणाऱ्यांना मी सांगावयास नको. तरीही भांडावयास एक कचेरी आहे, एक निवडणूक आहे.

आता नवा बाजार पाहा. 2013 साली ॲमेझॉनने भारतात दुकान मांडले, फ्लिपकार्ट त्याआधीचे. तेथे माल विकणारे पुष्कळसे लहान व्यापारी आहेत. त्यांच्यावर मुकादम नाही, यंत्र आहे. ॲमेझॉनच्या नियमांत सदोष मागण्या शेकडा 1 च्या आत, उशिरा रवाना झालेल्या 4 च्या आत व विक्रेत्याने रद्द केलेल्या अडीचच्या आत राहाव्या लागतात. प्रमाण चुकले की माल यादीत खाली जातो, खाते बंद होऊ शकते, पैसे अडकून पडतात. गिऱ्हाईकाला खोटा माल मिळू नये, हे रास्तच आहे; नियमच नकोत असे मी म्हणत नाही. पण ज्याचा बाजार, त्याचीच वही, आणि निवाडाही त्याचाच! विक्रेता कागदोपत्री व्यापारी, म्हणून कामगारांचे आठवे कलम त्याला लागू नाही. 2020 च्या आपल्या ई-कॉमर्स नियमांत, एकाच प्रकारच्या विक्रेत्यांना वेगवेगळी वागणूक दिली जात असेल तर तिचे वर्णन विक्रेत्यांसाठीच्या सर्वसाधारण अटींत द्यावे असे आहे. दंडापूर्वी त्याचे म्हणणे ऐकावे, असे नाही. युरोपात मात्र 12 जुलै 2020 पासून खाते अडविताना लेखी कारण द्यावे लागते, आणि कायमचे बंद करावयाचे तर एरवी 30 दिवस आधी.

आपल्याकडे ऑनलाइन विक्रेत्यांच्या एका अखिल भारतीय संघटनेने फ्लिपकार्टविरुद्ध स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. नोव्हेंबर 2018 मध्ये आयोगाने ती निकाली काढली. मार्च 2020 मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो निर्णय फिरवून चौकशी करण्यास सांगितले. संघटना बांधणाऱ्याला या कामातील अडचण चटकन कळते. गिरणीला फाटक होते. पाळी सुटली की तेथे हँडबिले वाटता येत. हे विक्रेते एकमेकांना ओळखत नाहीत, आणि शेजारचे दुकान बंद पडले तर त्यांना ते दिसतही नाही.