रेडिओ लहरींची सुरक्षित मर्यादा कशी ठरते?

मोबाइल मनोऱ्यांतून निघणाऱ्या रेडिओ लहरी शरीरात शोषल्या गेल्यास उष्णता निर्माण होते. त्यामुळे मर्यादा ठरवताना, या उष्णतेने अपाय संभवतो ती पातळी प्रथम प्रयोगांतून शोधली जाते. आंतरराष्ट्रीय अनायनीकारक प्रारण संरक्षण आयोगाने १९९८ मध्ये ती शरीराच्या दर किलोग्रॅममागे ४ वॅट मानली. तेवढ्या शोषणाने शरीराचे तापमान सुमारे १ अंश सेल्सिअसने वाढू शकते. कामानिमित्त या लहरींशी संबंध येणाऱ्यांसाठी या पातळीचा दहावा भाग मर्यादा ठरला. समाजात बालके, वृद्ध व रुग्णही असल्याने सर्वसामान्यांसाठी पन्नासावा, म्हणजे ०.०८ वॅट. २०२० च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांतही हे प्रमाण कायम राहिले.

शरीरातील शोषण प्रत्यक्ष मोजणे अवघड असल्याने ही मर्यादा बाहेर मोजता येणाऱ्या शक्तिघनतेत मांडतात. ९०० मेगाहर्ट्झ कंप्रतेला ती दर चौरस मीटरला ४.५ वॅट येते. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून मनोऱ्यांसाठी तिचाही दशांश, म्हणजे ०.४५ वॅट, लागू केला. त्यामागे नवा अपाय सिद्ध झाल्याचे कारण नव्हते; हेतू सावधगिरीचा होता. अपायाची पातळी विज्ञान दाखवते. तिच्यापासून किती अंतर राखायचे, हे मात्र शासनाला ठरवावे लागते.