चार खणांचा तक्ता

पायथनमध्ये लिहिलेल्या फंक्शनला कोणत्या प्रकारचं मूल्य द्यायचं आणि परत काय मिळणार, हे त्याच्या पहिल्याच ओळीत नोंदवता येतं. २००६ च्या ‘पेप ३१०७’ या प्रस्तावातली ही सोय २००८ साली पायथन ३.० सोबत आली. पण ‘लेन’सारखी फंक्शन्स सी भाषेत लिहून कंपाइल केलेली असतात. त्यांच्यापाशी गाडं अडलं.

अशा फंक्शनची माहिती पायथनला ‘पायमेथडडेफ’ नावाच्या तक्त्यातून मिळते. त्यात खण चारच: नाव, सीमधल्या कोडचा पत्ता, मूल्यं कशी स्वीकारायची ते सांगणारे फ्लॅग आणि मदतीचा मजकूर. प्रकाराच्या नोंदीसाठी पाचवा खण नाही. मागाहून चिकटवावी, तर २००१ मध्ये पायथन २.१ ने फंक्शनला हवे ते गुणधर्म जोडायची जी मुभा दिली, तीही या बिल्ट-इन फंक्शन्सना मिळाली नव्हती. आणि तक्त्यात खण वाढवायचा, तर जगभरची आधी कंपाइल झालेली एक्स्टेंशन मॉड्यूल्स मोडणार.

लॅरी हेस्टिंग्ज यांच्या ‘आर्ग्युमेंट क्लिनिक’ या अवजाराने २०१४ मध्ये, पायथन ३.४ मध्ये, यातून वाट काढली. मदतीच्या मजकुराच्या पहिल्या ओळीत फंक्शनची सही (सिग्नेचर), तिच्याखाली फक्त दोन आडव्या रेघांची ओळ, मग एक कोरी ओळ आणि पुढे खरा मजकूर. ‘इन्स्पेक्ट’ मॉड्यूल ती सही वेगळी काढून वाचतं. जुना तक्ता जसाच्या तसा राहिला. मला ही युक्ती फार सुंदर वाटते. मात्र त्या सहीतून पॅरामीटरची नावं आणि डीफॉल्ट मूल्यं कळतात; प्रकार लिहिला तरी वाचणारा तो सोडून देतो.

म्हणून प्रकारांना वेगळं घर मिळालं. युक्का लेहतोसालो यांच्या ‘मायपाय’ या प्रकार तपासणाऱ्या अवजारावरून प्रेरणा घेतलेल्या ‘पेप ४८४’ने २०१५ मध्ये स्टब फाइल रूढ केली: सीमधल्या मॉड्यूलशेजारी ‘पीवायआय’ शेपटाची फाइल, तिच्यात फंक्शनची फक्त सही, आतलं काम नाही. पायथनसोबत येणाऱ्या मॉड्यूल्सचे स्टब ‘टाइपशेड’ या संग्रहात जमले, आकडेमोडीची लायब्ररी नमपाय २०२१ पासून आपले स्वतःच देऊ लागलं. पायथनसारख्या कोडचं सीमध्ये रूपांतर करणाऱ्या सायथनचा मार्ग निराळा. त्याने फंक्शनचा आपला प्रकार घडवला आणि त्यात नोंदींना जागा ठेवली.

स्टब वेगळा असल्याने सीमधला कोड बदलला तरी स्टब जुनाच राहू शकतो. मायपायचं ‘स्टबटेस्ट’ हे अवजार दोन्हींची तुलना करतं, आणि त्यासाठी मदतीच्या मजकुरातली तीच सही कामी येते. पॅरामीटरचं नाव चुकलं तर ते पकडलं जातं. सीमधल्या फंक्शनचा परतीचा प्रकार चुकला असेल, तर मात्र कुणालातरी सीचा कोड उघडून वाचावा लागतो.