पडद्यामागील हात

१९३७ साली अमेरिकेतील ‘लाइफ’ साप्ताहिकाने चित्रकार थॉमस हार्ट बेंटन यांना हॉलिवूडला धाडले. शेतकरी, खाणकामगार अशा श्रमिकांचे जीवन त्यांनी पूर्वीच रंगविले होते. तेथील स्टुडिओत हिंडून त्यांनी रेखाटने केली व पुढे ‘हॉलिवूड’ हे चित्र साकारले.

चित्राच्या मध्यभागी तोकड्या वस्त्रांतील अभिनेत्री उभी आहे. सभोवती कॅमेरे, दिवे, मायक्रोफोन आणि ते हाताळणारी माणसे आहेत. मागे शिकागो शहरातील १८७१ च्या भीषण आगीचा देखावा धगधगत आहे. पडद्यावर प्रेक्षकाला नटी दिसते, आग दिसते. दिव्यामागचा कामगार कधीच दिसत नाही. बेंटन यांनी तो दाखविला. एवढी यंत्रे, एवढे कौशल्य स्त्रीदेहाच्या प्रदर्शनासाठीच राबावे काय, असा बोचरा प्रश्नही हे चित्र उभा करते.

त्याच्या आदल्याच वर्षी, २९ जून १९३६ रोजी, परमगुरू ११वे पायस यांनी ‘व्हिजिलान्ति कुरा’ या परिपत्रकाद्वारे अमेरिकेतील बिशपांशी चित्रपटांविषयी हितगुज केले होते. वाईट चित्रपट आत्म्याची हानी करतात, तर चांगले चित्रपट उन्नतीचे साधन ठरतात, असे त्यांनी प्रतिपादन केले.

हे चित्र आज कॅन्सास सिटीच्या नेल्सन-अ‍ॅटकिन्स संग्रहालयात आहे. नाझरेथच्या सुताराचे आपण अनुयायी. श्रम पवित्र आहेत, हे आपण जाणतो. परंतु ते कशाच्या सेवेत खर्ची पडतात, हेही पाहणे आपले कर्तव्य आहे. तिकीट काढणारा प्रेक्षकही त्या उत्तरात सहभागी असतो.