महावीराचार्यांचे गणितप्रेम

इसवी सनाच्या नवव्या शतकात मान्यखेट ही राष्ट्रकूटांची राजधानी होती. आजच्या कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड ते हेच. गादीवर सम्राट अमोघवर्ष नृपतुंग होते आणि महाराष्ट्राचा मोठा भाग त्यांच्याच राज्यात मोडत होता. आचार्य जिनसेनांना गुरुस्थानी मानणाऱ्या या राजाच्या काळात, इ. स. ८५० च्या सुमारास, दिगंबर आचार्य महावीर यांनी 'गणितसारसंग्रह' हा संस्कृत पद्यग्रंथ रचला. ग्रंथारंभी भगवान महावीरांना वंदन आहे. ग्रंथकार त्यांचेच नाव धारण करणारे, एवढे ध्यानी ठेवावे म्हणजे घोटाळा होत नाही.

आर्यभट आणि ब्रह्मगुप्त यांच्या ग्रंथांत गणित आले ते ज्योतिषाच्या जोडीने. महावीराचार्यांनी ग्रह-नक्षत्रांचा विषय बाजूला ठेवून संपूर्ण ग्रंथ गणितालाच वाहिला. पहिल्याच प्रकरणात ते गणिताची थोरवी गातात. व्यापार, पाकशास्त्र, वैद्यक, संगीत, नाट्य, वास्तुविद्या, इतकेच नव्हे तर त्रैलोक्याची रचना, यांतील काहीही गणितावाचून नाही, असा त्यांचा आशय आहे. गणिताला रुक्ष म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण अवश्य पाहावे.

पुढील प्रकरणांत अपूर्णांक, त्रैराशिक, व्याज, सोन्याचा कस, क्षेत्रफळ, खोदकाम असे विषय येतात. ताग्याच्या भावावरून सव्वादोन मीटर कापडाची किंमत काढणारा दुकानदार त्रैराशिकच करीत असतो, त्याला त्याचे नाव ठाऊक असो वा नसो. परंतु आचार्यांची उदाहरणे कोरडी नाहीत. पोपट-कोकिळांच्या स्वरांनी गजबजलेल्या एका वनात थकलेले २३ वाटसरू येतात. तेथे केळ्यांच्या सारख्या ६३ राशी आणि वर ७ सुटी केळी आहेत. सर्वांत समान वाटणी होऊन काही उरले नाही, तर एका राशीत केळी किती? राशीत ५ धरली तर एकूण ३२२ होतात आणि प्रत्येकास १४ मिळतात. मुलास कोरडे समीकरण घालण्याऐवजी हे वन दाखविले, तर तो पेन्सिल आपणहून उचलील.

सहा रसांपासून किती प्रकारची मिश्रणे होतात, हाही त्यांचा एक प्रश्न. (रसपरित्यागातील दूध, दही, तूप आदी रस निराळे, येथे कडू, तिखट, तुरट, आंबट, खारट व गोड हे सहा अभिप्रेत आहेत.) सहांतून तीन रस निवडण्याचे प्रकार काढताना ६, ५, ४ यांच्या गुणाकारास १, २, ३ यांच्या गुणाकाराने भागावे; उत्तर २० येते. एकापासून सहापर्यंतचे सर्व प्रकार मिळविले की ६३ होतात. कितीही वस्तूंना लागू पडेल असा हा नियम त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितला. १५२२०७ ला ७३ ने गुणिले असता ११११११११ येतात. अशा गुणाकारांना तर त्यांनी कंठाभरणांची शोभा दिली आहे.

ऋण संख्या ही कोणाचाच वर्ग नसते, म्हणून तिला वर्गमूळ नाही, हे त्यांनी अचूक ओळखले. शून्याच्या बाबतीत मात्र ते चुकले. संख्येला शून्याने भागले तरी ती तशीच राहते, असे त्यांचे विधान आहे. घेणारा कोणीच नसेल तर माल जागच्या जागी राहतो, हा विचार दुकानदारास पटेलही. पण गणितास तो मान्य नाही. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये 'लीलावती'त अशा राशीस 'खहर' हे वेगळे नाव दिले, आणि आजचे गणित हा भागाकार मुळी करूच देत नाही. आपल्या आचार्यांचा गौरव करताना ही चूक झाकण्याचे कारण नाही. ज्याने शेकडो नियम बांधले, त्याचा एक नियम फसला म्हणून त्याची उंची घटत नाही.

अकराव्या शतकात पावुलूरी मल्लन यांनी हा ग्रंथ तेलुगूत नेला. आधुनिक जगासमोर तो आला १९१२ मध्ये. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील संस्कृतचे प्राध्यापक रंगाचार्य यांनी हस्तलिखिते मिळवून इंग्रजी भाषांतरासह तो छापला. ग्रंथभांडारांतील पोथ्यांची पूजा पिढ्यान्‌पिढ्या होत आली. हे गणित उलगडून जगापुढे ठेवले ते मात्र जैन नसलेल्या या विद्वानाने, याची नोंद कृतज्ञतेने केली पाहिजे. त्यानंतर एकावन्न वर्षांनी, १९६३ मध्ये, सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने जीवराज जैन ग्रंथमालेत लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह तो प्रसिद्ध केला, आणि संस्कृत वा इंग्रजी न जाणणाऱ्या श्रावकालाही केळ्यांच्या त्या राशी मोजता येऊ लागल्या.