घरी जुळविलेल्या गणकयंत्रांतील निकामी धारित्रे : एक ऐतिहासिक साधन

इ. स. १९७५ च्या जानेवारीत ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकन मासिकाने अल्बुकर्की येथील एम. आय. टी. एस. कंपनीच्या ‘आल्टेअर ८८००’ या गणकयंत्राचा परिचय वाचकांस करून दिला. सुट्या भागांचा संच मागवून घरच्या टेबलावर डाख देत यंत्र उभे करावे, अशी ही योजना होती. आज ही यंत्रे संग्रहालयांत व खाजगी संग्रहांत आढळतात. ती पुन्हा चालू करू पाहणाऱ्याची गाठ बहुधा प्रथम धारित्रांशी, म्हणजेच बोलीतील कंडेन्सरांशी, पडते.

याचे कारण यंत्राच्या रचनेत आहे. १०० जोडांच्या सामायिक मार्गिकेवरून प्रत्येक फलकास सुमारे ८ व्होल्टांचा अनियंत्रित दाब मिळे. तो ५ व्होल्टांवर आणणारा नियंत्रक फलकावरच असे. त्यामुळे नियंत्रकांलगतची धारित्रे यंत्रभर विखुरली गेली. टँटलमचे धारित्र बिघडले म्हणजे पुष्कळदा त्याची दोन्ही टोके आतून जुळतात व ते जळतेही. वीजपुरवठ्यातील ॲल्युमिनियमच्या मोठ्या धारित्रांतील द्रव कालांतराने सुकतो. शिवाय यंत्र दीर्घकाळ पडून राहिल्यास ऑक्साइडचा थर क्षीण होऊन गळती वाढते.

म्हणून जुने यंत्र एकदम विजेस जोडू नये. सर्व फलक काढून मोठ्या धारित्रांवर रोधकामार्फत हळूहळू दाब चढवावा. त्याने ऑक्साइडचा थर पुन्हा जमू शकतो. नंतर प्रत्येक फलकाच्या दाबरेषेचा भूमिरेषेशी असलेला रोध मोजावा. तो शून्यवत् असल्यास मर्यादित प्रवाह सोडून रेषेवरील मिलिव्होल्टांचा उतार पाहावा. हा उतार ज्या भागापाशी संपतो, तोच बहुधा दोषी असतो.

येथवर तंत्रज्ञ व इतिहासकार यांचा मार्ग एकच. पुढे तंत्रज्ञ सरसकट सर्व धारित्रे बदलतो, आणि त्याबरोबर एक साक्षही नष्ट होते. सुकलेले धारित्र काळाचा परिणाम दाखविते. उलट ध्रुवांनी जोडलेले धारित्र जुळविणाऱ्याची चूक दाखविते. असे टँटलमचे धारित्र दाबाखाली सहसा फार काळ टिकत नाही. ते अखंड आढळले, तर तो फलक फारसा चाललाच नसावा, असे अनुमान करता येते. किती संच विकले गेले हे विक्रीच्या नोंदींवरून कळेल. त्यांपैकी किती यंत्रे खरोखर चालली, हा प्रश्न मात्र फलकांनाच विचारावा लागतो.

तेव्हा काढलेल्या प्रत्येक धारित्राचे स्थान, दिशा व मोजमाप नोंदवून ते यंत्राबरोबरच जतन करणे, हे संशोधकाचे प्रथम कर्तव्य होय.