पुन्हा एकदा तपासणी

शुक्रवारी एक जुना बग माझ्याकडे पाचव्यांदा परत आला. शेरा तोच, "अधिक माहिती हवी". वैतागलो. शनिवारी सहज अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या अपंगत्व-भत्त्याचा इतिहास वाचत बसलो, आणि माझा वैताग मलाच हास्यास्पद वाटायला लागला.

तिथे प्रकार असा. आजार आहे, नोकरीत काहीतरी घडलंय, आणि या दोन्हींचा संबंध आहे, एवढं साधारणपणे दाखवावं लागतं. घोडं अडतं ते तिसऱ्यावर. खरं तर निम्मी शक्यता असली तरी पुरे, कौल सैनिकालाच. पण ते डॉक्टरने कारणांसकट लिहायला हवं ना!

1988 पर्यंत अशा निर्णयाविरुद्ध कोर्टात जायची सोय जवळजवळ नव्हतीच. त्या वर्षी खास कोर्ट आलं. 1998 मध्ये त्याने सांगितलं, अपील मंडळाने मागितलेली तपासणी तशीच झाली नसेल तर प्रकरण परत पाठवा. 2000 च्या कायद्याने गरज असेल तिथे तपासणी करून देणं सरकारवर बंधनकारक केलं. 2007 मध्ये कोर्ट म्हणालं, तपासणी करताय तर ती पुरेशी हवी.

गंमत बघा, यातला प्रत्येक नियम सैनिकाच्या भल्याचा. आणि परिणाम? डॉक्टरने कारण दिलं नाही, परत. मुद्दा सुटला, परत. तोवर आजार बळावला, म्हणून पुन्हा नवी तपासणी! घाण्याचा बैल नुसता. 2008 पर्यंत तर मधेच सैनिक वारला की त्याचं अपीलही तिथेच संपायचं. त्या वर्षीच्या कायद्याने पत्नीला किंवा पात्र वारसाला त्याच्या जागी उभं राहता येऊ लागलं.

या चक्रातून मोठी सुटका केली ती 1991 च्या एजंट ऑरेंज कायद्याने. व्हिएतनाममध्ये 1962 ते 1971 विषारी तणनाशकं फवारली गेली. वीस वर्षांनी झालेला कॅन्सर त्यामुळेच, हे कुठला डॉक्टर छातीठोकपणे सांगणार? मग संसदेने तो प्रश्नच काढून टाकला. तिथे नोकरी केलीय आणि आजार यादीत आहे, तर संबंध गृहीत. 2022 च्या पॅक्ट कायद्याने इराक-अफगाणिस्तानातल्या कचरा जाळायच्या खड्ड्यांच्या धुरालाही हेच तत्त्व लावलं.

अर्थात यादीत नसलेल्या आजारवाल्यांचा घाणा सुटलेला नाही.

असो. त्या बगवाल्याला सोमवारी सरळ फोनच करीन म्हणतो.